कठड्यावरची पेटी

दिव्याला माणसाचं नाव ठाऊक नसतं. देव्हाऱ्यातल्या निरांजनाला नसतं, तसं ते 'सिंधुगौरी' या प्रवासी बोटीच्या बाल्कन्यांमधल्या साडेसातशे दिव्यांनाही नव्हतं. त्यांना ठाऊक होता फक्त खोलीचा आकडा. आकड्यापुढे नाव लिहायचं काम यादीचं, आणि यादी म्हणजे शेवटी माणसाचाच कारभार. घोटाळा झाला तो तिथे.

सन २०४१. संध्याकाळचे सहा चाळीस. हेमांगी आठल्ये बोटीच्या दिवेकक्षात बसली होती. समोरच्या पडद्यावर बोटीचा नकाशा, आणि एकेका बाल्कनीचा एकेक ठिपका. पांढरा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे माणूस अस्वस्थ आहे, लक्ष असू द्या. आणि केशरी. दोन वर्षांच्या नोकरीत तिने केशरी दोनदा पाहिला होता, आणि दोन्ही वेळा त्या दिवशी तिला जेवण गेलं नव्हतं.

आठव्या मजल्यावर एक ठिपका केशरी झाला. खोली ८०२१.

तिने यादीत आकड्यावर बोट ठेवलं, शाळकरी मुलीसारखं, आणि ते बोट सरळ रेषेत नावापर्यंत नेलं. वामन गणेश आठल्ये, वय बाहत्तर, कीर्तनकार, देवरुख.

तिचे वडील.

तिने आकडा पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा. नाव काही बदललं नाही.

हे दिवे काय करत, ते आधी सांगायला हवं. पूर्वी मोठ्या बोटींवर सूचना असायची की अंधार पडला की बाल्कनीतला दिवा बंद करा. त्या उजेडाने बोट हाकणाऱ्यांना पुढचा काळोख नीट दिसत नाही, आणि पाखरं वाट चुकून काचांवर येऊन आपटतात. हे नवे दिवे मात्र बंद करायचे नसत. त्यांचा उजेड बाहेर न सांडता खाली आणि आत पडे. शिवाय तो एका सेकंदात हजारो वेळा लुकलुके, डोळ्याला पत्ता न लागता, आणि माणसावर पडून परत आलेला उजेड दिवाच टिपून घेई. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्यात रक्त चढतं. रक्त थोडा उजेड पिऊन टाकतं. परत येणारा उजेड तेवढाच, केसभर, मंद होतो. या केसभर फरकातून दिवा माणसाची नाडी मोजे. छातीच्या हलण्यातून श्वास, आणि सावलीवरून हातपाय कुठे आहेत ते. फोटो नाही, आवाज नाही. नुसते आकडे.

हा सगळा खटाटोप एवढ्यासाठी, की बोटीवरून कोणी पाण्यात जाऊ नये. आणि त्या आकड्यांमधून जे निघालं, ते दिवे करणाऱ्यांनाही चक्रावून सोडणारं होतं. भीती रडणाऱ्याची नसते. रडणारा माणूस आत जाऊन तोंड धुतो, जेवायला येतो. भीती असते ती कित्येक दिवस तगमगलेला माणूस एकाएकी निवांत होतो त्याची. मनाशी काहीतरी ठरून गेल्यासारखा निवांत. दिवा केशरी होतो तो त्या निवांतपणाला.

हेमांगीने ८०२१ची नोंद उघडली. 'चार संध्याकाळी कठड्यापाशी उभे. उजव्या हाताची बोटं कठड्यावर सतत हलती. डावा तळवा मागे-पुढे. आज बोटं थांबली. श्वास संथ. एकवीस मिनिटं हालचाल नाही.'

बाबा. या बोटीवर आठ दिवसांचा कीर्तन महोत्सव होता, मुंबईहून लक्षद्वीपपर्यंत आणि परत. सातशे श्रोते रोज साडेसातला अकराव्या मजल्यावरच्या सभागृहात जमत आणि वामनबुवा त्यांना हसवून हसवून डोळ्यांतून पाणी काढत. काल तर मागच्या रांगेत उभी राहून तीही पोट धरून हसली होती. त्या माणसाच्या मनात हे? बोटं हलत होती म्हणजे कठड्यावर ताल धरून बसत असणार बिचारे. आणि आज तो तालही सुटला.

नियम असा, की केशरी दिसल्यावर पंधरा मिनिटांत माणसाने जाऊन खात्री करायची. नाही केली तर निरोप आपोआप सुरक्षारक्षकांना जातो. मग ते दार उघडून माणसाला तळमजल्यावरच्या बंद खोलीत नेतात, पुढच्या बंदरात उतरवतात, आणि त्याचं नाव सगळ्या बोटींना कळवलं जातं. जीव वाचतो. पण देवरुखच्या आठल्येबुवांना चार रक्षकांनी धरून नेलं, हे सातशे माणसं बघणार होती.

तिने फोन लावला. आकडा दोनदा चुकला.

"बोल गं हेमा," पलीकडून खणखणीत आवाज आला. मागे कोणीतरी तबला लावत होतं. "मी वर आलोय. पगडी बांधतोय. ही बोट हलते का मीच हलतोय, काही कळेना. तीनदा बांधली, तीनदा वाकडी."

हेमांगी पडद्याकडे बघत राहिली. ८०२१च्या कठड्यापाशी अजूनही माणूस उभा होता. बावीस मिनिटं.

"बाबा, तुमच्या खोलीत कोण आहे?"

"माझ्या? कोण असणार? मी कार्ड लावून दार ओढून आलोय."

"आठ हजार एकवीस. कोण आहे तिथे?"

"हां, ती होय!" बुवा हसले. "ती आता विसूची. पहिल्याच दिवशी बदलली आम्ही. अगं, त्या खोलीत पलंगाची उशी बोटीच्या मागच्या अंगाला. बोट चाललेली दक्षिणेला. म्हणजे डोकं आलं की उत्तरेला! जिवंत माणूस झोपतो का असा? शेजारच्या ८०२३मध्ये उशी पुढच्या भिंतीला, तिथे डोकं बरोबर दक्षिणेला. मग कार्डं बदलली, झालं. एवढ्यासाठी कोणाला कशाला सांगायचं? आता आज सकाळी मेली बोटच उलटी फिरली, म्हणजे रात्री पुन्हा—"

"विसूकाका तयार झाले? उत्तरेला डोकं करून झोपायला?"

"तोच म्हणाला ना. म्हणाला, मी झोपतो उत्तरेला, मला काय होतंय."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि बुवा स्वतःच थांबले. 

"हेमा? काय झालंय?"

"तुमच्या खोलीपाशी या. पळत या बाबा. आत्ता."

विसूकाका पाध्ये म्हणजे बुवांचे पेटीवाले. चाळीस वर्षांची साथ. बुवा गादीवर उभे, आणि डाव्या हाताला मान खाली घालून बसलेले विसूकाका. हेमांगीला चालायला शिकवलं तेही त्यांनीच म्हणायचं, कारण बाबा कायम गावोगाव आणि विसूकाकाही कायम गावोगाव, पण परत आले की पाठीवर घ्यायचे ते विसूकाका. गेल्या वर्षी काकू गेल्या. तेव्हापासून माणूस आणखीच गप्प.

ती आठव्या मजल्यावर पोचली तेव्हा सात मिनिटं उरली होती. ८०२१चं दार तिने ठोठावलं, बेल दाबली, हाका मारल्या. आत बेल वाजत होती, ती तिला बाहेर ऐकू येत होती. कोणी आलं नाही. ते दार उघडायची किल्ली फक्त रक्षकांकडे.

बुवा जिन्याने आले. पायात काही नाही, पगडी अर्धी डोक्यावर आणि अर्धी खांद्यावर. तिने दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी ८०२३चं दार उघडलं आणि दोघं बाल्कनीत आली.

दोन बाल्कन्यांच्या मधे दुधी काचेचा पडदा होता. पुढे कठड्यापाशी पडद्याला वीतभर फट. त्या फटीतून विसूकाका दिसले. धुतलेला सदरा, अंगावर मानाचं उपरणं, चष्मा नीट घडी करून बाजूच्या खुर्चीवर ठेवलेला. दोन्ही हात कठड्यावर. चेहरा अगदी शांत.

"विसू!" बुवांनी हाक मारली. विसूकाका जेमतेम दोन हातांच्या अंतरावर उभे होते. वळले नाहीत.

"अरे विसू! रागावलायस होय? असा रुसतोस काय बायकोसारखा? बघ तरी इकडे!"

काही नाही. पापणीसुद्धा नाही.

तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला. समोरून मासेमारीच्या होड्या चालल्या होत्या, त्यांना इशारा म्हणून. असा कानठळ्या बसवणारा आवाज, की कठडा थरथरला, बुवांनी दोन्ही कान दाबून घेतले आणि वरच्या मजल्यावर कोणाचं तरी लहान मूल रडू लागलं.

विसूकाका तसेच उभे. मान वळली नाही, खांदा हलला नाही.

भोंगा थांबला. बुवांचे हात कानांवरच राहिले.

"त्याला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "हेमा, त्याला ऐकूच येत नाही गं. आणि काल मी..."

काल उत्तररंगात, आख्यान ऐन भरात असताना, पेटी एकीकडे आणि बुवा दुसरीकडे असं झालं होतं. बुवा थांबले, पेटी वाजतच राहिली. कीर्तनात बुवाने साथीदाराची थट्टा करायची ही जुनी रीत. त्यात कोणी वाईट मानत नाही. बुवांनी हात जोडून श्रोत्यांना सांगितलं होतं, "महाराज, आमच्या पेटीवाल्याला आता फक्त देवाचं ऐकू येतं. आमच्यासारख्या पाप्यांचं कुठलं ऐकायला!" सातशे माणसं हसली होती. विसूकाकांनी वर बघितलं, सगळे हसतायत असं दिसलं, म्हणून तेही हसले होते. ते हसणं आता हेमांगीला आठवलं.

चार मिनिटं.

मोठ्याने ओरडून उपयोग नव्हता. फटीतून एकदम हात घातला तर दचकून तोल जायची भीती. हेमांगीच्या हातात टॅब होता. तिला दिवा तपासायची मुभा होती. त्यासाठी एका बटणाने तो चालू-बंद करता येई. तिने ८०२१चा दिवा एकदा मालवला, पुन्हा लावला. विसूकाकांच्या कपाळावरचा उजेड गेला आणि आला. त्यांनी डोळे किंचित मिटले, एवढंच. दिवा बिघडला असेल, असंच वाटलं असणार.

"इकडे दे," बुवा म्हणाले.

त्यांनी टॅब कठड्यावर टेकवला आणि बोटाने बटण दाबायला सुरुवात केली. एक लांब, दोन आखूड, एक लांब. हेमांगीला क्षणभर कळेना. मग तिचं पाऊल आपोआप हललं. धुमाळी. आठ मात्रांचा तो ठेका, जो तिच्या घरात पाळण्यापासून वाजत आला होता. बुवा दिव्यावर धुमाळी वाजवत होते. विसूकाकांच्या गालावर, उपरण्यावर, कठड्यावरच्या हातांवर उजेड त्या तालात पडू लागला.

एक आवर्तन. दोन. तीन.

बुवांचे ओठ हलत होते. नमन म्हणत होते ते, आवाज न काढता. आणि नमनाची पहिली ओळ संपते, बुवा थांबतो आणि पेटी स्वर भरते, त्या जागी त्यांनी बोट उचललं. दिवा विझला. चाळीस वर्षं ती जागा विसूकाकांची होती.

हेमांगीने काळोखात फटीला डोळा लावला. बोटं हलली का? तिला दिसेना.

बुवांनी पुन्हा पहिल्यापासून ठेका धरला. ओळ संपली. या वेळी दिवा विझायच्या आत तिने पाहिलं. उजव्या हाताची करंगळी. मग तिच्या शेजारचं बोट. मग कठड्यावर पाची बोटं चालू लागली, आणि डावा तळवा मागे-पुढे, मागे-पुढे, भाता मारल्यासारखा.

ताल नव्हता तो! चार संध्याकाळ हा माणूस कठड्यावर पेटी वाजवत उभा होता. दिव्याने ते अक्षरन् अक्षर टिपलं होतं आणि तिने ते वाचलंही होतं.

विसूकाकांनी वर दिव्याकडे बघितलं. मग सावकाश मान वळवून फटीकडे. तिथे अर्ध्या पगडीतला, घामाघूम झालेला, डोळ्यांतून धारा लागलेला चेहरा होता.

"वामन?" ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाले. "अरे, पगडी सुटलीय तुझी."

बुवांनी हात जोडले. मग खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं, आणि पुन्हा हात जोडले. विसूकाका थोडा वेळ त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी खुर्चीवरचा चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला आणि आत वळले.

दार उघडलं तेव्हा दीड मिनिट उरलं होतं. हेमांगीने रक्षकांना नाही, बोटीच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. नोंदीत लिहिलं: 'माणसाने जाऊन खात्री केली. दिवा बरोबर होता. प्रवाशासोबत दोन माणसं आहेत, डॉक्टर येत आहेत. एकटं सोडणार नाही.' केशरी ठिपक्याची उलटी मोजणी थांबली.

विसूकाका पलंगावर बसले. बुवा खाली जमिनीवर, त्यांच्या गुडघ्याला धरून.

"गणपतीत उजवा कान गेला," विसूकाका म्हणाले. "दिवाळीनंतर डावा. कोणाला सांगू? पेटीवाला बहिरा, यापेक्षा मेलेला बरा. तुझ्या मानेकडे बघून वाजवत होतो मी. मान इकडे झाली की वरचा स्वर, खाली आली की समेवर. काल तू मान हलवलीच नाहीस, वामन. दगडासारखा उभा राहिलास. मग मी काय बघू?"

 हेमांगीने डॉक्टर निघाल्या का ते बघायला टॅब उचलला, आणि तिची नजर शेजारच्या ठिपक्यावर गेली. ८०२३. गेले चार दिवस पिवळा. यादीत नाव विश्वनाथ पाध्ये. विधुर माणूस, अस्वस्थ असणारच, असं म्हणून तिने तो रोज सोडून दिला होता.

पण त्या खोलीत विसूकाका राहत नव्हते.

"बाबा," ती म्हणाली. "काल तुम्ही का थांबलात?"

"ऐनवेळी—"

"बाबा."

वामनबुवांनी तोंड उघडलं.  मग त्यांनी तिच्या हातातला टॅब घेतला, कारण बोलून विसूला ऐकू येणार नव्हतं. काचेवर बोटाने, वळणदार अक्षरात, दोनच शब्द लिहिले, आणि टॅब मित्रापुढे धरला.

'मी विसरतो.'

विसूकाकांनी चष्मा वर करून वाचलं.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "वर्ष झालं. पुढची ओळ मीच पेटीवर आधी वाजवतो. तुला वाटतं, तुला आठवली."

बुवांचं डोकं त्यांच्या गुडघ्यावर टेकलं. हेमांगी भिंतीला पाठ लावून खाली बसली. दोन म्हातारे, एकाच गादीवर, रोज सातशे माणसांसमोर. एकाला ऐकू येत नव्हतं, एकाला आठवत नव्हतं, आणि हे एकमेकांपासून लपवायला दोघांनी केवढी कसरत केली होती! तिला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत होतं ते छताला टांगलेल्या दोन दिव्यांना.

डॉक्टरीणबाई बराच वेळ विसूकाकांशी लिहून लिहून बोलल्या. शेवटी त्यांनी विचारलं, आज वाजवायचं आहे का? विसूकाकांनी बुवांकडे बोट दाखवलं. "याला सोडला तर हा रामाला रावणाचा जावई करेल. मला जायलाच हवं." बाईंनी लिहिलं, "मग मी पहिल्या रांगेत बसते. आणि झोपायला आज तुम्ही दोघं एका खोलीत. डोकं कुठे करायचं ते करा."

कीर्तन पाऊण तास उशिरा उभं राहिलं. बुवांनी आज गादी थोडी फिरवून घेतली, म्हणजे विसूकाकांना त्यांचा चेहरा समोरून दिसेल अशी. थट्टा केली नाही. उत्तररंगात एका जागी ते थांबले. कालच्यासारखेच. पण आज त्यांनी वळून उघडपणे पेटीकडे बघितलं, आणि पेटीने ओळ दिली.

हेमांगी मागच्या रांगेत उभी होती. तिच्या शेजारच्या काकूंनी डोळे पुसत विचारलं, "तुझे वडील ना गं ते? काय रंगलंय आज!"

"काकू," तिने सहज विचारायचं म्हणून विचारलं, "तुमची खोली कुठली?"

"आमची यादीत सात हजार चौदा. पण आम्ही कुळकर्ण्यांशी बदलली हो. उत्तरेला डोकं येत होतं ना! आणि ते भिड्यांच्या खोलीत गेले. आमच्या मजल्यावर जवळजवळ सगळ्यांनीच बदलल्यात."

हेमांगीने टॅबकडे पाहिलं. एकशे बारा पिवळे ठिपके. प्रत्येकापुढे एक नाव. त्यातलं एकही खरं असेल याची खात्री नव्हती.

समोर सातशे माणसं टाळ्या वाजवत हसत होती. तिने टॅब मिटून काखेत धरला, आणि पहिल्या रांगेपासून एकेक चेहरा बघायला सुरुवात केली.